बोर्डावर गॅरंटी, कार्डावर वॉरंटी

वाचकाचं पत्र

नमस्कार मॅडम,

मी साखर पेठेत राहते. सोलापुरी चादरीच्या कापडाच्या पिशव्या, पर्स, लॅपटॉपची कव्हरं घरीच शिवते. सासूबाई काजं-बटणं बघतात, बाकी सगळं मी. गणपतीच्या आधी गावातल्याच एका दुकानातून मोटारीची शिलाई मशीन घेतली, चौदा हजारांची. रोज सात-आठ तास चालवायची आहे आणि जाड चादर शिवायची आहे हे मी दोनदा सांगितलं होतं. दुकानदारांनीच "ही न्या, काही होत नाही" म्हणून काढून दिली. दुकानावर मोठा बोर्ड आहे, "प्रत्येक मशीनवर एक वर्ष गॅरंटी". चौथ्या महिन्यात मोटार जळाली. गेले तर म्हणाले, "मोटारीला गॅरंटी नसते, वॉरंटी असते. गॅरंटी म्हणजे बदलून, वॉरंटी म्हणजे दुरुस्ती. कंपनीला फोन करा." कंपनीचा माणूस आला, कार्ड बघितलं आणि म्हणाला, ही घरगुती वापराची मशीन, तुम्ही धंद्याला लावली, वॉरंटी संपली. आता दुकानदार ऐकूनच घेईना.

दुसरं म्हणजे पुण्याच्या एका दुकानाने दोनशे पिशव्यांची ऑर्डर दिली आहे. टॅगवर काहीतरी गॅरंटी-वॉरंटी छापा म्हणतात. मुलगी बारावीला आहे. ती म्हणते, "वॉरंटी छाप आई, गॅरंटी छापलीस तर अडकशील."

तिसरं, माझ्या धाकट्या दिरांना जुने दोन लूम (यंत्रमाग) घ्यायचे आहेत. पतसंस्थेचं चार लाखांचं कर्ज होणार आहे आणि ह्यांना गॅरेंटर म्हणून सही मागितली आहे. हे टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत. "नुसती सही तर आहे, आणि मशीनची गॅरंटी काय कामाची ते आपण बघितलंच की," असं म्हणून हसतात. माझं मन काही मानत नाही. ही गॅरंटी आणि ती गॅरंटी एकच का?

– एक शिलाईवाली, साखर पेठ

उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महागात पडणारा आहे. तरी सुरुवात मशीनपासून करते, कारण तिथला गुंता सुटला की दिरांच्या कागदाचा अर्थ लावणं सोपं जाईल.

"गॅरंटी म्हणजे बदलून, वॉरंटी म्हणजे दुरुस्ती" हे वाक्य सोलापुरातच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाजारपेठेत ऐकायला मिळतं. मी कॉलेजात व्यापारी कायदा शिकवायचे तेव्हा पोरंही पहिल्या तासाला हेच सांगायची, आणि फार आत्मविश्वासाने. पण असा नियम कायद्यात कुठेही नाही. ती व्यापारातली रीत आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर इतके महिने गॅरंटी आणि पुढचे इतके महिने वॉरंटी असं लिहितात. तिथे पहिल्या मुदतीत बॅटरी बदलून देतात आणि पुढच्या मुदतीत नव्या बॅटरीवर सूट देतात. हे चालतं, कारण त्या कंपनीने कार्डावर तसं सविस्तर लिहून दिलेलं असतं. नुसत्या शब्दात तो अर्थ नाही. उद्या एखाद्याने वॉरंटी लिहून खाली "बदलून देऊ" असं छापलं तर त्याला बदलूनच द्यावं लागेल.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या दुसऱ्या कलमात अनुचित व्यापारी प्रथा कशाला म्हणायचं याची लांबलचक व्याख्या आहे. तिथे "वॉरंटी किंवा गॅरंटी" असे दोन्ही शब्द एका दमात येतात. पुरेशी चाचणी न करता वस्तूच्या कामाची किंवा टिकण्याची वॉरंटी किंवा गॅरंटी देणं, बदलून देण्याचं किंवा दुरुस्तीचं दिशाभूल करणारं आश्वासन देणं, जे पाळण्याची शक्यताच नाही असं आश्वासन देणं, हे सगळं त्यात बसतं. कायद्याने इथे दोन शब्दांत डावं-उजवं केलेलं नाही. त्यामुळे "बोर्डावर गॅरंटी लिहिलं असलं तरी मोटारीला वॉरंटी असते" हा दुकानदाराचा बचाव तुम्ही मनातून काढून टाका. बोर्डावर "प्रत्येक मशीनवर" आहे. मोटार मशीनमध्ये येत नाही असं त्यांचं म्हणणं असेल तर ते बोर्डावर लिहायला हवं होतं.

मग या दोन शब्दांत खरा फरक काहीच नाही का? आहे, पण तो बाजार सांगतो तो नाही.

वॉरंटी हा शब्द आपल्याकडे १९३० च्या माल विक्री कायद्यात येतो आणि तिथे त्याची जोडी गॅरंटीशी नाही, कंडिशनशी आहे. कलम १२ म्हणतं की व्यवहाराच्या मुळाशी असलेली अट ती कंडिशन. ती मोडली तर घेणारा व्यवहारच मोडू शकतो. मूळ व्यवहाराला धरून असलेली दुय्यम हमी ती वॉरंटी. ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, माल परत टाकता येत नाही. म्हणजे वॉरंटी हा विकणाऱ्याने आपल्या मालाबद्दल घेणाऱ्याला दिलेला शब्द आहे. व्यवहार दोघांतला.

गॅरंटीसाठी १८७२ चा करार कायदा उघडावा लागतो. कलम १२६ मध्ये तिसरा माणूस लागतो. एकाचं देणं आहे, दुसऱ्याला ते घ्यायचं आहे, आणि तिसरा म्हणतो, "याने नाही दिलं तर मी देईन." ही गॅरंटी. तिसरा नसेल तर या कायद्याच्या अर्थाने गॅरंटीच नाही.

वॉरंटी दोघांत आणि गॅरंटी तिघांत, एवढं लक्षात ठेवा आणि आता त्या बोर्डाकडे पुन्हा बघा. मशीन बनवली कंपनीने, कार्ड कंपनीचं. दुकानदाराने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या दुकानावर, स्वतःचा शब्द लिहिला. दुकानदार हे नाकारेल, पण साध्या माणसाला तो बोर्ड वाचून काय वाटेल? कंपनीने नाही ऐकलं तर हा माणूस आहे, असंच ना? त्यासाठीच तो लावला आहे.

आता कंपनीचा मुद्दा. घरगुती वापराची अट कार्डावर छापलेली असेल तर कंपनीपुरती ती तिच्या उपयोगी पडू शकते, हे मी लपवणार नाही. ते कार्ड खोक्यात होतं आणि पैसे दिल्यावर हातात पडलं, हे तुम्ही जरूर म्हणा, पण माझा भर त्यावर नाही. तुमची बाजू भक्कम आहे ती दुकानदाराविरुद्ध. माल विक्री कायद्याचं कलम १६ सांगतं की घेणाऱ्याने कशासाठी हवं ते सांगितलं, विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला आणि विकणारा त्याच मालाचा व्यापारी असला, तर माल त्या कामाच्या लायकीचा असेल ही अट न लिहिताही धरली जाते. तुम्ही तास सांगितले, जाड कापड सांगितलं, आणि मशीन त्यांनी निवडली. (स्वतः ठरावीक ब्रँडचं नाव घेऊन मागितली असती तर हा मुद्दा लंगडा पडला असता.) चार महिने वापरल्यावर १९३० च्या कायद्याने मशीन परत टाकता येणं अवघड, तिथे भरपाईच मिळते. ग्राहक आयोग मात्र दोष दूर करा, बदलून द्या, पैसे परत करा, यातलं काहीही सांगू शकतो.

"धंद्याला लावली म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही" असं कुणी ऐकवलं तर घाबरू नका. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यातून वगळली आहे हे खरं, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्याच व्याख्येत परत आत घेतली आहे. घरात एक मशीन, तिच्यावर तुम्ही स्वतः, हे त्याचं सरळ उदाहरण.

करायचं काय ते सांगते. बोर्डाचा फोटो आजच काढा, तारीख दिसेल असा. असे बोर्ड तक्रार गेली की उतरतात. जळालेली मोटार बाहेर दुरुस्तीला देऊ नका आणि भंगारातही टाकू नका, तो तुमचा पुरावा आहे. कंपनीच्या माणसाने जॉब कार्ड, म्हणजे मशीन तपासल्याची नोंद, दिलं नसेल तर मागून घ्या आणि त्यात "घरगुती वापर नाही म्हणून नाकारलं" हे कारण लिहायला लावा. मग दुकानदाराला मराठीतच एक पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, प्रत कंपनीला. त्यात त्या दिवशी दुकानात काय बोलणं झालं ते तारखेसकट लिहा. तोंडी बोलण्याला आज साक्ष नाही, पण तुम्ही वेळेत लिहून कळवलं आणि त्यांनी खोडून काढलं नाही, याला पुढे वजन येतं. मागणी एकच करा, मोटार फुकट बदलून द्या. पूर्ण मशीन, मनस्ताप, बुडालेली कमाई हे सगळं पहिल्याच पत्रात घातलं की माणूस हट्टाला पेटतो.

पंधरा दिवस थांबा. नाही जमलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदवा. पुष्कळ मशीनी एवढ्यावरच सुरू होतात. त्याउपर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच. दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. वकील लागतोच असंही नाही. आणि बिल? पत्रात बिलाचा उल्लेख नाही, म्हणून विचारते. जीएसटी वाचवायला म्हणून कोऱ्या चिठ्ठीवर रक्कम लिहून घेतली असेल तर ती चिठ्ठी आणि पैसे ऑनलाइन दिले असतील तर त्याची नोंद जपून ठेवा. बिल न देणं ही सुद्धा त्याच कायद्यात अनुचित प्रथा आहे, तेव्हा ते उलट त्यांच्यावरच शेकतं.

एक कायद्याबाहेरचं. मोटार बदलून मिळाली तरी चादरीचं कापड रोज आठ तास त्या मशीनवर शिवू नका, पुन्हा जळेल. जाड कापडाला कारखान्यातली मशीन लागते, टेबलाखाली वेगळी मोटार असलेली. जुनी चांगली मिळते.

टॅगकडे वळण्याआधी तुमच्या मुलीसाठी थोडं. बारावीची आहे, तिला आवडेल. हे दोन शब्द मुळात सख्खी भावंडं आहेत. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यांच्या उत्तरेकडच्या फ्रेंचमध्ये ज्या शब्दांच्या सुरुवातीला व होता, तिथे मधल्या फ्रान्सच्या बोलीत ग यायचा. इंग्रजीने आधी एकीकडून घेतलं, मग दुसरीकडून, आणि दोन्ही ठेवून दिलं. म्हणून वॉर्डन आणि गार्डियन, तसंच वॉरंटी आणि गॅरंटी. ज्या विल्यमने इंग्लंड जिंकलं तो फ्रेंचमध्ये आजही गियोम आहे. आपल्याकडे मराठीत वीस, वाघ, वीज आणि हिंदीत बीस, बाघ, बिजली होतं, तसलाच प्रकार. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत ऐकत वाढलेल्या मुलीला याचं नवल वाटायला नको. फरक इतकाच की आपला वाघ हिंदीत बाघ झाला तरी वाघच राहिला. त्या दोघांचे मात्र इंग्रजीत संसार वेगळे झाले.

आता टॅग. मुलीचा सल्ला हुशारीचा वाटतो, पण वर सांगितलं तसं ग्राहक कायद्यापुढे दोन्ही शब्द सारखेच. वॉरंटी छापल्याने तुम्ही सुटणार नाही आणि गॅरंटी छापल्याने जास्त अडकणार नाही. शब्दाच्या पुढे काय लिहिता त्याने अडकता. नुसतं "१ वर्ष वॉरंटी" हे सगळ्यात धोक्याचं, कारण कशाची ते लिहिलेलं नाही. मग पिशवी मांजराने ओरबाडली तरी लोक फोन करतात. मी तुमच्या जागी असते तर दोन्ही इंग्रजी शब्द टाळून लिहिलं असतं: "खरेदीपासून सहा महिन्यांत शिवण उसवली किंवा चेन बिघडली तर मोफत दुरुस्त करून देऊ. पाठवण्याचा खर्च ग्राहकाचा, परत पाठवण्याचा आमचा. बिल जपून ठेवा." आणि खाली तुमचा फोन. कोण देणार, कशाचं देणार, किती दिवस, खर्च कुणाचा, हे सगळं त्यात आलं.

रंगाबद्दल मात्र टॅगवर अवाक्षर काढू नका. शिवण तुमच्या हातात आहे, रंग नाही. सूत कुणी रंगवलं, कुठला रंग वापरला, किती वेळ शिजवला, हे मागवाल्यालाही कधीकधी नीट ठाऊक नसतं. धुण्यात रंग किती टिकतो हे प्रयोगशाळेत १ ते ५ अशा श्रेणीत मोजतात, ५ म्हणजे सर्वांत पक्का. ज्याच्याकडून चादर घेता त्याच्याकडे त्या लॉटचा असा अहवाल असेल तर प्रत घ्या. नसेल तर "पक्का रंग" लिहिणं म्हणजे चाचणीशिवाय दिलेलं आश्वासन, जे वरच्या व्याख्येत नेमकं बसतं. त्यापेक्षा "पहिली दोन धुणी वेगळी, गार पाण्यात" एवढी सूचना छापा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ते माल कुठला आहे एवढंच सांगतं, किती टिकेल ते नाही. शिवाय अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद नसताना त्याचं चिन्ह टॅगवर घालू नका.

खरं तर दोनशे पिशव्यांच्या व्यवहारात टॅग ही लहान गोष्ट आहे. पुण्याचं दुकान विकण्यासाठी घेतंय, म्हणजे त्यांचं-तुमचं भांडण ग्राहक आयोगात जाणार नाही, ते माल विक्री कायद्याने चालेल. त्यांनी नमुना बघून ऑर्डर दिली असेल तर कलम १७ लागतं, सगळा माल नमुन्याबरहुकूम हवा. तर एकसारख्या दोन पिशव्या करा, दोन्हींवर दोघांच्या सह्या आणि तारीख, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. चादरीच्या दोन लॉटच्या रंगात थोडा फरक येतोच, तेही ऑर्डरवर लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर लिहून "ठीक आहे" असं उत्तर मिळवलंत तरी पुष्कळ झालं.

आता दिरांचं कर्ज.

ताई, तुमचं मन मानत नाही ते बरोबर आहे आणि तुमच्या मालकांचं हसणं चुकीचं. मशीनवरची गॅरंटी सैल आहे कारण तिथे तो शब्द बाजाराने कसाही वापरून झिजवला आहे. कर्जाच्या कागदावर तो १८७२ च्या कायद्यातून थेट येतो, पुऱ्या वजनानिशी. तिथे तीन माणसं आहेत: दीर कर्जदार, पतसंस्था सावकार आणि तुमचे मालक जामीनदार. मराठी फॉर्मवर जामीनदारच छापलेलं असतं. तो शब्द वाचला असता तर ते हसले नसते. गॅरेंटर म्हटलं की ते मशीनच्या कार्डासारखं हलकं वाटतं.

कलम १२८ एका ओळीचं आहे: करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. निम्मी नाही, उरलेली नाही, तेवढीच. लोकांची समजूत अशी असते की आधी कर्जदाराच्या मागे लागतील, त्याचे लूम विकतील, मग काही उरलंच तर आपल्या दारात येतील. तसं नाही. बिहारमधल्या एका बँकेच्या खटल्यात खालच्या कोर्टाने नेमकं हेच म्हटलं होतं की आधी कर्जदाराकडची वसुली संपवा आणि मग जामीनदाराकडे जा. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढून टाकली. जामीनदाराने आधी पैसे भरावेत आणि मग कर्जदाराकडून वसूल करावेत, हा निर्वाळा आजही चालतो.

पतसंस्था सहकारी आहे, म्हणून आणखी एक गोष्ट. त्यांना दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जावं लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० चं कलम १०१ आहे, लोक ज्याला "एकशे एकचा दाखला" म्हणतात तो. सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला मिळाला की वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. त्या अर्जात कर्जदाराच्या नावाखाली जामीनदारांची नावं असतात. नोकरदार जामीनदार पतसंस्थांना फार आवडतो, कारण यंत्रमागाचा धंदा बसला तरी पगार चालू असतो. फॉर्मच्या मागे पगारातून कपातीचं संमतिपत्र जोडलेलं असतं, ते बहुतेकजण न वाचताच सही करून देतात. शिवाय संस्था सिबिलला, म्हणजे कोणाचं कर्ज कसं फिटतंय याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला, माहिती कळवत असेल तर जामीनदारीची नोंद त्या अहवालातही जाते. मग उद्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायला गेलात तर ती तिथे दिसेल.

"मला या कर्जातून एक रुपया मिळाला नाही" असं म्हणून सुटता येत नाही. कलम १२७ प्रमाणे कर्जदाराला फायदा झाला एवढं पुरतं. "मी लिहून दिलं नव्हतं" हेही कायद्यात चालत नाही. इंग्लंडमध्ये १६७७ पासून अशी हमी लेखी लागते, आपल्याकडे तोंडी हमीही धरली जाते. पतसंस्था लेखीच घेईल, पण सुताच्या व्यापाऱ्यासमोर, जुने लूम विकणाऱ्यासमोर, "माझा भाऊ आहे, मी बसलोय ना" असं मालकांनी मोठ्या मनाने बोलू नये. तिथे उधारी असते आणि तिथेही माणसं तीनच असतात.

कायदा जामीनदाराला अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. त्याला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या तर पुढच्या व्यवहारातून तो मोकळा होतो. संस्थेने तारण घालवलं तर तेवढ्या किमतीपुरता सुटतो. भरलेले पैसे तो कर्जदाराकडून मागू शकतो, आणि दोन जामीनदार असतील तर आपसात सारखा वाटा. कागदावर चांगलं आहे. प्रत्यक्षात यातले पहिले दोन हक्क सोडल्याचं छापील कलम फॉर्ममध्येच असतं. आणि तिसरा हक्क वापरायचा म्हणजे सख्ख्या भावावर दावा लावायचा. तुमच्या घरात ते कोण करणार आहे?

म्हणून माझं मत सरळ आहे. दिरांचा एकही हप्ता आला नाही असं धरा आणि विचारा, चार लाख अधिक व्याज आपण भरू शकतो का? भरू शकत असाल आणि भरायची तयारी असेल तर सही करा. नसेल तर करू नका, दीर कितीही गुणी असोत. यात त्यांच्या सचोटीवर शंका नाही. सुताचा भाव, विजेचं बिल, टॉवेलच्या ऑर्डरी यातलं काहीच त्यांच्या हातात नाही, मग तुमच्या मालकांच्या हातात कुठून असणार?

सही करायचीच ठरली तर काही गोष्टी मागून घ्या. लूम पतसंस्थेकडे तारण लिहिले गेले पाहिजेत, नुसती जामिनकी नको. जामीन ठरावीक रकमेपुरता असल्याचं करारात लिहून मागा. ऐकतीलच असं नाही, पण मागायला हरकत नाही. पुढे वाढीव कर्ज किंवा कॅश क्रेडिट (धंद्यासाठी लागेल तशी उचल) दिलं तर ते या जामिनाखाली येणार नाही हे स्पष्ट करून घ्या, कारण चालू राहणारी जामिनकी हा वेगळाच सापळा आहे. दुसरा जामीनदार घ्यायला लावा, जमलं तर दिरांच्या सासरकडचा. सही केलेल्या सगळ्या कागदांची प्रत घ्या, कोऱ्या फॉर्मवर सही नको, आणि हप्ता थकला की संस्थेचा मेसेज मालकांच्याही मोबाइलवर यावा असा अर्ज द्या. थकबाकी दोन हप्त्यांची असताना कळणं आणि दोन वर्षांची झाल्यावर कळणं यात फार अंतर आहे.

फॉर्म आधी घरी आणा. इंग्रजीत असेल तर मुलीला वाचायला बसवा. "जॉइंटली अँड सेव्हरली" असे शब्द कुठेतरी येतील. त्याचा अर्थ सगळे मिळून आणि प्रत्येकजण एकटाही, म्हणजे संस्था सगळेच्या सगळे चार लाख एकट्या तुमच्या मालकांकडून मागू शकते. हे वाक्य त्यांना स्वतःला वाचू दे, तुम्ही सांगू नका. बायकोने सांगितलं की दिराचा दुस्वास होतो, कागदाने सांगितलं की होत नाही.

नाही म्हणायचं तर ते मालकांनीच म्हणावं, तुमच्यावर ढकलू नये. आणि रिकाम्या हाताने म्हणू नये. दिरांना दोनाऐवजी एक लूम घ्यायला सुचवा, कर्ज निम्म्यावर येईल आणि तारणावर भागण्याची शक्यता वाढेल. जमत असेल तर पन्नास हजार स्वतःचे द्या, उसने म्हणून. ते परत नाही आले तर पन्नास हजारच जातील आणि ते आजच माहीत असेल. दिलेच तर बँकेतून द्या, रोख नको.